लघवीची नळी घरी सांभाळताना: आधी विचारा, ती निघणार कधी?

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ७४ वर्षांचे. २३ दिवसांपूर्वी रात्री अचानक लघवी तुंबली, तालुक्याच्या दवाखान्यात नळी घातली, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) वाढल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवीसकट घरी पाठवलं. आता नळीच्या कडेने लघवी झिरपते. तपासणीत पू आणि ई. कोलाय जंतू आले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, तरी रिपोर्ट तसाच. ड्रेसिंगला येणारे गृहस्थ म्हणतात, जाड नळी घालू आणि आतून धुऊन काढू. आई रोज जंतुनाशकाच्या पाण्याने पुसून घेते. आणि तुम्ही विचारलंय, "आमचं स्वच्छतेत नेमकं कुठे चुकतंय?"

मी ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली १४ वर्षं युरॉलॉजी वॉर्डात. निवृत्त झाल्यापासून घरोघरी जाऊन असेच पेशंट बघते. तुमच्या घरच्या स्वच्छतेत थोडं बदलायला हवं, ते पुढे सांगतेच. पण खरी अडचण स्वच्छतेची नाही. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, त्यात नळी कधी काढायची हे कुठेच नाही. डिस्चार्ज कार्डावरही बहुधा नसेल. कार्डावर "कॅथेटर घातला" असं असतं, "अमुक तारखेला काढून बघणे" असं क्वचितच असतं. मग घरचे लोक नळी नेटाने सांभाळत बसतात आणि ती काढता येईल का हा प्रश्न कोणी विचारतच नाही. एका आजोबांकडे मी गेले तेव्हा साधी लेटेक्सची नळी पाच महिने तशीच होती. आतल्या फुग्यावर क्षारांचं कवच चढलं होतं. ती काढायला त्यांना ऑपरेशन थिएटरात न्यावं लागलं. घरात तिघं माणसं त्यांच्या सेवेत होती, कोणी हयगय केली नव्हती. तारीख मात्र कोणी सांगितली नव्हती.

तेव्हा पहिलं काम हे, की उद्या डॉक्टरांना विचारा. नळी अजून का ठेवली आहे? लघवीचा मार्ग सैल करणारी गोळी, बहुतेकदा टॅमसुलोसिन, सुरू आहे का? आणि नळी काढून बघायचा दिवस कोणता?

लघवी पहिल्यांदाच अशी तुंबली असेल तर साधारणपणे ही गोळी सुरू करून निदान दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर थांबतात आणि मग नळी काढून बघतात. बऱ्याच जणांना त्यानंतर आपली आपण लघवी होते. अर्थात प्रत्येकाचं असं नसतं. तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंडांवर ताण येऊन रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वाढलं असेल, तर डॉक्टर मुद्दाम नळी ठेवतात आणि ती काढायची घाई धोक्याची ठरते. ऑपरेशन ठरलं असेल तरी तोपर्यंत ठेवतात. वडिलांचं यातलं काय आहे हे मला इथून कळणार नाही, म्हणून कारण विचारा. नळी ठेवण्यामागे कारण असेल तर राहू दे. कोणाला कारणच सांगता येत नसेल तर ती निघायला हवी.

गोळीबद्दल दोन गोष्टी. तिने उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी पलंगावर जरा बसायला सांगा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर ही गोळी चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं, आणि त्यांना तशी तयारी ठेवावी लागते.

आता रिपोर्टकडे येते, कारण तुम्हाला जास्त भीती त्याचीच वाटतेय.

उन्हाळ्यात माठ चार-आठ दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत लागतो. वरून कितीही पाणी ओतलं तरी तो थर जात नाही, हाताने घासावाच लागतो. शरीरात राहिलेल्या नळीवर जंतूंचा तसाच थर बसतो. नळी घातल्यापासून दर दिवशी शंभरातल्या साधारण ३ ते ७ जणांच्या लघवीत नव्याने जंतू सापडू लागतात, आणि महिना होईपर्यंत जवळपास सगळ्यांच्याच. हे तुमच्या आईच्या हातून काही राहिलं म्हणून झालेलं नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. अशा घरांमधून बायका स्वतःला दोष देत बसलेल्या मी फार पाहिल्या आहेत.

जंतू सापडणं वेगळं आणि जंतूंनी आजारी पडणं वेगळं. वडिलांना ताप नाही, थंडी नाही, जेवण-झोप ठीक आहे असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी नुसत्या रिपोर्टसाठी अँटिबायोटिक देऊन उपयोग नसतो. औषध त्या थराच्या आत नीट पोचत नाही. वरवरचे दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पुढे खरंच ताप आला की तेच औषध लागू पडत नाही. लघवी गढूळ दिसते किंवा वास येतो एवढ्यावर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायला धावू नका. आधी पाणी कमी पडतंय का ते बघा. चालू असलेला कोर्स मात्र मनाने थांबवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "ताप नाही, नळी आहे, मग हे औषध कशासाठी?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

थंडी वाजून ताप आला तर गोष्ट बदलते. तेव्हा नमुना घ्यायची पद्धत लक्षात ठेवा, कारण इथे फार चुका होतात. पिशवीतली लघवी बाटलीत भरून प्रयोगशाळेत देतात. ती तासन् तास साठलेली असते, त्यातले जंतू पिशवीत वाढलेले असतात. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी ती काढावी. अजून गरज असेल तर नवी घालून तिच्यातून नमुना घ्यावा, आणि मग औषधाचा पहिला डोस. असा रिपोर्ट खरा.

कडेने झिरपण्याबद्दल. जाड नळीने हे थांबेल असं वाटणं साहजिक आहे, कारण घरातला नळ गळतो तेव्हा आपण जाड वायसर लावतो. इथे तसं नाही. नळीच्या टोकाशी पाण्याने भरलेला फुगा असतो, तो मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो म्हणून नळी बाहेर येत नाही. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट फ्रेडरिक फोली यांनी १९३०च्या दशकात ही रचना केली, म्हणून तिला फोलीज म्हणतात. मूत्राशयाला मात्र तो फुगा परका वाटतो. त्याला ढकलून काढायला ते मधेच आवळतं, पोटात कळ येते, आणि त्या जोराने लघवी नळीच्या बाहेरून निसटते. जाड नळी आणि मोठा फुगा घातला की हे आवळणं वाढतं, मार्गाच्या आतल्या नाजूक त्वचेवर दाब येतो आणि मागे व्रण राहून मार्ग अरुंद होऊ शकतो. प्रौढ पुरुषाला नेहमीच्या कामाला १४ किंवा १६ नंबर पुरतो. १६ नंबर म्हणजे बाहेरून साधारण ५.३ मिलिमीटर जाडी. तुमच्याकडे कोणता आहे ते बघा: फुग्याचं पाणी भरायच्या तोंडावरची झडप हिरवी असेल तर १४, नारिंगी असेल तर १६, लाल असेल तर १८. तिथेच फुगा किती मिलिलिटरचा तेही छापलेलं असतं. रोजच्या नळीला १० पुरतात. ३० चा फुगा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर वगैरे लागतो.

मग झिरपल्यावर करायचं काय? मी घरात शिरले की आधी पांघरूण बाजूला करून नळी सुरुवातीपासून पिशवीपर्यंत हाताने चाचपत जाते. निम्म्या वेळा कारण तिथेच सापडतं. मांडीखाली नळी दबलेली असते, लेंग्याच्या नाडीत अडकलेली असते, नाहीतर पिशवी तुडुंब भरलेली असते. त्यानंतर विचारते, शौचाला कधी झालं होतं? चार दिवसांचं कोठ्यात साठलं की ते मागून मूत्राशयावर आणि नळीवर दाबतं. कितीतरी पेशंटचं झिरपणं फक्त पोट साफ झाल्यावर थांबलेलं मी पाहिलंय. वडिलांना भाज्या, फळं आणि पुरेसं पाणी द्या, लागलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. हे सगळं ठीक असून पिशवीत लघवी येतच नसेल तर नळी आतून बंद झाली असेल, ती बदलावी लागेल. आणि पिशवीतही येते, कडेनेही येते, मधून कळ येते, तर मूत्राशयाचं आवळणं कमी करायचं औषध असतं. ते डॉक्टरच देतील, कारण प्रोस्टेटच्या म्हाताऱ्या माणसाला ते जपून द्यावं लागतं.

आतून धुऊन काढणं सरसकट नको. रक्ताच्या गाठी अडकल्या असतील तर डॉक्टर स्वतः करवतात. एरवी धुण्यासाठी नळी आणि पिशवीचा जोड उघडावा लागतो, आणि सगळ्या काळजीचं मर्म तो जोड बंद राहण्यात आहे. मूत्राशयापासून पिशवीच्या खालच्या तोटीपर्यंत एकच बंद वाट हवी. जोड जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना दार उघडून दिलंत. म्हणून पिशवी रोज बदलायचीही गरज नाही. पाकिटावर लिहिलेली मुदत पाळा, आणि त्याआधी गळायला लागली किंवा आतून घाण झाली तर बदला. बदलताना हात साबणाने धुऊन, नळी चिमटीत दुमडून धरून, जोड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, नव्या पिशवीचं टोक कुठेही न टेकवता झटकन लावायचं.

आता एक गोष्ट जी दवाखान्यात कोणी सांगत नाही, कारण तिथे सगळे उंच खाटेवर असतात. तुम्ही लिहिलंय की वडील खाली गादीवर झोपतात. खाली झोपलं की मूत्राशय आणि पिशवी एकाच पातळीवर येतात. लघवी उतारानेच वाहते, तिला ओढणारं दुसरं काही नाही. पातळी सारखी झाली की ती नळीत थबकते, आणि पिशवी चुकून उशाला वर ठेवली तर पिशवीतली शिळी लघवी परत आत जाते. पिशवीला उलटं जाऊ न देणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. नळी असेपर्यंत त्यांना दिवाणावर किंवा खाटेवर झोपवा. पिशवी खाटेच्या कडेला हुकाने अडकवा, मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकणारी. खाट फारच बुटकी असेल तर पिशवी स्वच्छ प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवा. आणि नळीचा झोळ खाली लोंबू देऊ नका, त्या झोळात लघवी साचून मागे दाब येतो.

प्रवासात हीच चूक होते. स्ट्रेचरवर घेताना पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. मी वॉर्डात असताना यावरून रोज कोणाला ना कोणाला थांबवायचे. निघण्याआधी पिशवी रिकामी करा, आणि गाडीत पायांपाशी ठेवा.

नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, थोडी ढील ठेवून. कूस वळताना किंवा उठताना ओढ बसली तर ती चिकटपट्टीला बसावी, आतल्या फुग्याला नाही. सतत खाली ओढली जाणारी नळी महिनोन् महिने राहिली तर लिंगाच्या टोकाला चीर पडते, आणि ती भरून येत नाही. पट्टी बदलताना दर वेळी मांडी बदला.

स्वच्छता खरं तर सोपी आहे. रोज आंघोळीच्या वेळी साधा साबण आणि पाणी. आंघोळ घालायला नळीमुळे काही हरकत नाही. जंतुनाशक, पावडर, मलम नको. त्यांनी त्वचा सोलवटते, आणि सोलवटलेल्या त्वचेत जंतू जास्त घर करतात. नळी पुसताना शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसा, उलट नाही. पुढची कातडी मागे घेऊन धुवा, कोरडं करा आणि कातडी पुन्हा पुढे आणायला कधीही विसरू नका. मागे राहिली तर काही तासांत सूज येऊन ती अडकते आणि रक्तपुरवठा थांबू शकतो. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, त्यासाठी वेगळा मग ठेवा, आणि तोटीचं टोक मगाला टेकू देऊ नका. नळीला हात लावण्याआधीही हात धुवायचे आणि नंतरही. नंतर बहुतेक सगळे धुतात, आधीचं राहतं.

पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर तेच प्रमाण पाळा.

काही वेळा रात्रीसुद्धा थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तीन-चार तास पिशवीत काही आलं नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर आणि थंडी वाजतेय. लालभडक रक्त किंवा गाठी येतायत. वृषण सुजून दुखतंय. किंवा एरवी शहाणे असलेले वडील अचानक असंबद्ध बोलतायत, गुंगीत आहेत. म्हाताऱ्या माणसात संसर्ग कधी कधी तापाऐवजी असाच दिसतो. नळी ओढून बाहेर आली तर घरी परत घालायचा प्रयत्न कोणीही करू नये. आणि नळी कधीही कात्रीने कापू नका. फुग्याचं पाणी सिरिंजनेच काढायचं असतं. कापल्यावर पाणी निघेलच असं नाही, आणि मग आत फुगा अडकून बसतो.

पिशवी अचानक जांभळी दिसली तर घाबरून जाऊ नका. बद्धकोष्ठ असलेल्या, बराच काळ नळी असलेल्या माणसांत काही जंतूंमुळे पिशवीचं प्लॅस्टिक असं रंगतं. डॉक्टरांना कळवा, पोट साफ ठेवा.

नळी बदलायची वेळ आलीच, तर साधी लेटेक्सची दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत राहू शकते. तुमची कोणती ते पाकिटावर किंवा बिलावर बघा. लेटेक्सची असेल तर तिची मुदत आता भरत आलीच आहे, म्हणून डॉक्टरांकडे जाणं या आठवड्यातच उरका. घालणाऱ्यांना एक सांगा: नळी पूर्ण आत, बाहेरच्या टोकाशी तिला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत गेल्यावर आणि लघवी आल्यावरच फुगा भरा. फुगा मूत्रमार्गात भरला गेला तर केवढा रक्तस्राव होतो ते मी पाहिलंय. फुगा भरताना वडील कळवळले तर लगेच थांबायला सांगायचं.

नळी काढायच्या दिवसाबद्दल. आधी दोन-दोन तास चिमटा लावून "मूत्राशयाला सवय लावायची" पद्धत अजून ठिकठिकाणी आहे. त्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि चिमटा काढायचा राहिला तर लघवी आत तुंबते. नळी सकाळी काढून घ्या, म्हणजे पुन्हा तुंबली तर ओपीडी उघडी असते. त्या दिवशी नेहमीइतकंच पाणी द्या. लघवी लवकर व्हावी म्हणून तांब्यावर तांब्या पाजू नका, मूत्राशय एकदम ताणलं जातं. प्रत्येक लघवी मगात मोजून वेळेसकट लिहा. चार ते सहा तासांत झाली नाही किंवा त्याआधी कळा सुरू झाल्या तर परत जा. झाली तरी आत किती उरते ते सोनोग्राफीत बघून घ्या, कारण थोडी थोडी होत राहते आणि आत साठतच जाते असंही होतं.

नाहीच जमलं तरी वाटा आहेत. गोळी चालू ठेवून पुन्हा एकदा प्रयत्न, प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन, किंवा दिवसातून काही वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढून लगेच ती काढून घेणं. ही शेवटची पद्धत १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी मांडली. निर्जंतुक नसली तरी स्वच्छ नळी वेळच्या वेळी घातली तर सतत ठेवलेल्या नळीपेक्षा बरी, असं त्यांनी दाखवून दिलं. हात स्थिर आणि नजर बरी असेल तर वडील स्वतःसुद्धा शिकतील. माझे ऐंशीच्या घरातले पेशंट शिकलेत.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलेलं वाक्य. वडील पाहुणे आले की आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत, पिशवी दिसते म्हणून. आईंना एक कापडी खोळ शिवायला सांगा, वर नाडी असलेली, हुक बाहेर राहील अशी. पिशवी तिच्यात घालायची, वरून लुंगी. ती घालून त्यांना संध्याकाळी ओट्यावर बसू द्या. डॉक्टर काय म्हणाले आणि कोणती तारीख दिली ते मला कळवा, त्या दिवसाची लघवीची नोंदही पाठवा. मी बघेन.